डिझेल विकून जुनी पेट्रोल गाडी

लंडनच्या पश्चिमेला, हाउन्स्लो किंवा हॅरोसारख्या भागात, एकाच गल्लीत दोन गाड्या उभ्या आहेत असं धरू. पहिली २०१४ची डिझेल. आतून चकाचक, हायवेवर लिटरला वीस किलोमीटर देणारी, रोड टॅक्स नावापुरता. दुसरी २००७ची छोटी पेट्रोल. दाराच्या खालच्या कडेला गंजाचे ठिपके, मागच्या काचा अजून हाताने फिरवायच्या. कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्यासमोरून दोन्ही गेल्या की पहिलीच्या मालकाला त्या दिवसाचे साडेबारा पौंड भरावे लागतात, दुसरीच्या मालकाला एक पेनीही नाही. सात वर्षांनी नवी असलेली गाडी अडते आणि जुनी सहीसलामत सुटते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सरकारी खाक्याचा नमुना वाटतं. पण हा नियम उलटा नाही. त्यामागे एक साधा आकडा आहे, आणि तो आकडा समजून घेतला तर डिझेल विकून तिच्याहून जुनी पेट्रोल गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळा शहाणपणाचंच काम करतो असं दिसतं. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. त्यांचा हिशेब पुढे येईल.

आधी नियम काय आहे ते. अल्ट्रा लो एमिशन झोन, लोकांच्या तोंडी ‘यूलेझ’, ८ एप्रिल २०१९ला मध्य लंडनमध्ये सुरू झाला. २५ ऑक्टोबर २०२१ला तो नॉर्थ आणि साउथ सर्क्युलर रस्त्यांपर्यंत वाढला आणि २९ ऑगस्ट २०२३पासून लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे तिथल्या पालिका-विभागांना, लागू झाला. नाताळचा दिवस सोडला तर वर्षभर, चोवीस तास. आकार न भरता फिरलात तर १८० पौंड दंड, चौदा दिवसांत भरलात तर निम्मा. युरोपच्या धुराच्या मानकांपैकी पेट्रोल गाडीला युरो ४ दर्जा पुरतो, डिझेलला मात्र युरो ६ लागतो. सर्वसाधारणपणे २००६नंतरच्या पेट्रोल गाड्या आणि सप्टेंबर २०१५नंतरच्या डिझेल गाड्या यात बसतात. हीथ्रो विमानतळही झोनच्या आत येतो, त्यामुळे झोनबाहेर स्लाउला राहणारं मराठी कुटुंब मुंबईहून येणाऱ्या आईवडिलांना आणायला जुन्या डिझेलने गेलं तर त्या फेरीचेही साडेबारा पौंड होतात. बर्मिंगहॅममध्ये २०२१पासून आठ पौंडांचा आणि ब्रिस्टलमध्ये २०२२पासून नऊ पौंडांचा असाच आकार आहे. ग्लासगोने तर पैसे देऊन शिरायची सोयच ठेवली नाही, तिथे सरळ दंड होतो. या सगळ्या शहरांनी रेघ एकाच ठिकाणी ओढली आहे: पेट्रोल युरो ४, डिझेल युरो ६.

ती रेघ तिथेच का, याचं उत्तर युरोपच्या मानकांतच आहे. डिझेल गाड्यांबद्दलची मुख्य तक्रार नायट्रोजनच्या ऑक्साइडांची आहे. त्यातला नायट्रोजन डायॉक्साइड श्वासनलिकांना सूज आणतो आणि दमेकऱ्यांना सगळ्यात आधी जाणवतो. युरो ४ पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे या ऑक्साइडांची मुभा होती ०.०८ ग्रॅम. त्याच युरो ४मध्ये डिझेलला मुभा होती ०.२५ ग्रॅम, म्हणजे तिपटीहून जास्त. युरो ५मध्ये डिझेल ०.१८वर आली. युरो ६मध्ये ती ज्या आकड्यावर पोचली तो होता ०.०८. पेट्रोल गाडीने जे अंतर २००५-०६च्या सुमारास कापलं होतं, तिथे यायला डिझेलला आणखी जवळजवळ दहा वर्षं लागली. म्हणजे लंडनच्या महापौर कार्यालयाने पेट्रोलवाल्यांना सूट दिलेली नाही. दोघांनाही एकच माप लावलं आहे, फक्त त्या मापात बसायला दोघांना वेगवेगळी वर्षं लागली. आपण गाडीकडे मॉडेलचं वर्ष विचारून बघतो. कॅमेरा नंबर प्लेटवरून धुराचा दर्जा बघतो. वय आणि दर्जा यांचा मेळ एका इंधनापुरता ठीक बसतो. दोन इंधनांची तुलना करायला गेलं की तो तुटतो.

पेट्रोलला हे आधी का जमलं, हे कळायला थोडी रसायनाची ओळख हवी. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं प्रमाण साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असं सांभाळलं जातं. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगत राहतो आणि हे प्रमाण क्षणाक्षणाला दुरुस्त करत राहतो. या नेमक्या प्रमाणात जळालेल्या धुरात फाजील ऑक्सिजन उरत नाही, म्हणून पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तीन कामं एकदम करता येतात: कार्बन मोनॉक्साइड जाळायचा, न जळालेलं इंधन जाळायचं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन काढून घेऊन साधा नायट्रोजन बाहेर सोडायचा. डिझेल इंजिन मुळातच भरपूर जास्तीच्या हवेत जळतं. त्याची काटकसर येते त्यातून आणि त्याची अडचणही त्यातूनच. धुरात ऑक्सिजन शिल्लक असताना नायट्रोजनच्या ऑक्साइडांना मोडणं पेट्रोलच्या कन्व्हर्टरला जमत नाही. मग थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवायचा, सापळ्यात पकडायचा किंवा युरियाचं पाणी फवारून मोडायचा असे उपाय करावे लागतात. ते महाग असतात, जागा खातात आणि नीट चालवायचे तर गाडीची कामगिरी थोडी कमी करावी लागते. शेवटच्या कारणापायीच पुढचं सगळं रामायण घडलं.

सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनवर ठपका ठेवला की गाडी प्रयोगशाळेत आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर कंपनीने बसवलं आहे. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत ते असल्याचं कंपनीने कबूल केलं. त्यानंतर ब्रिटनच्या वाहतूक खात्याने वेगवेगळ्या कंपन्यांच्या खपाऊ डिझेल गाड्या स्वतः रस्त्यावर चालवून तपासल्या आणि एप्रिल २०१६मध्ये निकाल जाहीर केले. इतर गाड्यांत तसलं सॉफ्टवेअर सापडलं नाही, पण आकडे पाहून कुणाचंही समाधान होण्यासारखं नव्हतं. युरो ५ डिझेलची मर्यादा ०.१८ ग्रॅम, रस्त्यावरची सरासरी निघाली १.१३५ ग्रॅम, सहापटीच्या वर. युरो ६ची मर्यादा ०.०८, रस्त्यावर सरासरी ०.५. यात कायदा मोडला असं नव्हतं, कारण कायद्याची चाचणी तेव्हा फक्त प्रयोगशाळेतच व्हायची. तिथलं तापमान, वेग, चढउतार सगळं ठरलेलं. परीक्षेचा पेपर आधीच माहीत असल्यावर जे होतं ते झालं. प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी नव्या मॉडेलांना सप्टेंबर २०१७पासून आणि विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या गाड्यांना सप्टेंबर २०१९पासून सक्तीची झाली. त्यानंतरच्या डिझेल गाड्या खरोखर सुधारल्या, हेही सांगायला हवं.

आता आपल्या गल्लीतल्या दोन गाड्यांकडे परत येऊ. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणारी युरो ५ डिझेल, वरच्या सरासरीने, वर्षाकाठी नऊ किलो नायट्रोजनची ऑक्साइडं गल्लीत सोडते. युरो ४ पेट्रोल आपल्या मर्यादेत असेल तर सोडते साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. ती म्हातारी झाली, तिचा कन्व्हर्टर थकला आणि ती मर्यादेच्या तिप्पट धूर सोडू लागली असं धरलं तरी दोन किलो भरत नाहीत. ही तफावत एवढी मोठी आहे की ‘जुनी गाडी जास्त धूर सोडते’ हा सर्वसाधारण समज इथे टिकत नाही. आणखी एक गोष्ट अशी की २०१५ ते २०१७ या काळातली पहिल्या पिढीची युरो ६ डिझेल यूलेझमध्ये फुकट फिरते, पण रस्त्यावर ती या जुन्या पेट्रोलपेक्षा जास्त ऑक्साइडं सोडत असण्याचीच शक्यता दाट. नियमाची ही उणीव आहे. खरेदी करणाऱ्याने मात्र ती उणीव आपल्या फायद्याची समजून तसली डिझेल उचलू नये.

डिझेल गाडी असलेल्या माणसाचा संताप समजण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये २००१पासून रोड टॅक्स गाडीच्या कार्बन डायॉक्साइडवर बेतला गेला. डिझेल कमी जळते, म्हणून तिचा टॅक्स कमी. लोकांनी सरकारचा इशारा ओळखला. २००० साली नव्या विकल्या जाणाऱ्या सात गाड्यांत एक डिझेल असायची. दहा-बारा वर्षांत जवळजवळ निम्म्या गाड्या डिझेल झाल्या. ज्यांनी पर्यावरणाचं भलं होतंय म्हणून डिझेल घेतली त्यांनाच पुढे पर्यावरणाच्या नावाने पैसे भरायला सांगितलं गेलं. जुनी गाडी मोडीत काढणाऱ्या लंडनकरांना दोन हजार पौंडांपर्यंत मदत मिळण्याची योजना होती, तीही सप्टेंबर २०२४मध्ये बंद झाली. धोरण फसलं आणि भुर्दंड सामान्यांच्या माथी आला, ही तक्रार रास्त आहे. पण तक्रार रास्त असली म्हणून डिझेलचा धूर कमी होत नाही. एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दक्षिण लंडनमध्ये वाहतुकीने भरलेल्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहायची. फेब्रुवारी २०१३मध्ये दम्याने ती गेली. डिसेंबर २०२०मध्ये कॉरोनरने निकाल दिला की तिच्या मृत्यूला हवेच्या प्रदूषणाचा हातभार लागला, आणि त्यात नायट्रोजन डायॉक्साइडचं प्रमाण कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त होतं याची स्पष्ट नोंद केली. ब्रिटनमध्ये मृत्यूचं कारण म्हणून प्रदूषणाची अशी नोंद प्रथमच झाली. ज्या वर्षांत डिझेलचा खप शिगेला पोचला त्याच वर्षांतली ही गोष्ट आहे.

जुन्या पेट्रोलवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हवामानबदलाचा आहे. पेट्रोल इंजिन तेवढ्याच अंतराला जास्त इंधन पितं, मग कार्बन डायॉक्साइड वाढणारच ना? वाढतो, पण किती ते पाहू. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६५ किलो कार्बन डायॉक्साइड होतो, एक लिटर पेट्रोलमधून २.३ किलो. डिझेल लिटरला वीस किलोमीटर आणि तेवढीच पेट्रोल गाडी सोळा किलोमीटर चालते असं धरलं तर डिझेलचे किलोमीटरमागे १३२ ग्रॅम आणि पेट्रोलचे १४४ होतात. आठ हजार किलोमीटरला वर्षाचा फरक शंभर किलोच्या आत. आणि डिझेल विकताना माणूस एक पायरी लहान पेट्रोल गाडी घेत असेल, जी लिटरला अठरा देते, तर हा फरक उरतच नाही. दुसरीकडे, नवी गाडी कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतच कित्येक टन कार्बन डायॉक्साइड खर्ची पडलेला असतो. आधीच बनून रस्त्यावर असलेली गाडी आणखी पाच-सहा वर्षं वापरण्यात तो वाचतो. वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर चालवणाऱ्याचं गणित मात्र वेगळं निघेल. त्याच्यासाठी जुनी पेट्रोल हा चुकीचा सौदा आहे. परवडत असेल तर इलेक्ट्रिक, नाहीतर २०१९नंतरची डिझेल. इथे बोलणं चाललंय ते मुलांना शाळेत सोडणाऱ्या, आठवड्याचं सामान आणणाऱ्या, शनिवार-रविवारी नातलगांकडे जाणाऱ्या कुटुंबांबद्दल. अशा थांबत-थांबत, छोट्या फेऱ्यांच्या वापरात आधुनिक डिझेलचा काजळी-फिल्टर पुरेसा तापत नाही, साचलेली काजळी जळत नाही, फिल्टर तुंबतो आणि गॅरेजवाला शेकड्यांनी पौंडांचं बिल हातात ठेवतो. शहरातल्या शहरात डिझेल वापरणं तिच्याही तब्येतीला मानवत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या कन्व्हर्टरचा. तो अधिक नेमका आहे आणि त्याला सरसकट झटकून चालणार नाही. तवा तापल्याशिवाय भाकरी फुगत नाही, तसं कन्व्हर्टरचंही असतं. तो काही शे अंशांना पोचेपर्यंत थंड इंजिनाचा धूर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून पेट्रोल गाडीचं बरंचसं प्रदूषण पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्येच होतं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला गाडी काढणं हा तिचा सगळ्यात घाण वापर. शिवाय वर्षानुवर्षं तेल जाळणारं इंजिन किंवा चुकीच्या ठिणग्या देणारे प्लग कन्व्हर्टरची वाट लावतात. पण ब्रिटनमध्ये तीन वर्षांपुढच्या जवळजवळ प्रत्येक गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि तिथे धूरही मोजतात. २००२नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना इंजिन जोरात फिरवलेलं असताना कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, ज्याला लॅम्डा म्हणतात, तो ०.९७ ते १.०३च्या दरम्यान पडावा लागतो. कन्व्हर्टर मेला की गाडी नापास होते. आपल्याकडच्या पीयूसीच्या कागदाशी याची तुलना करायचा मोह टाळलेला बरा. चोरीचा धोका मात्र खरा आहे. कन्व्हर्टरमधल्या ऱ्होडियम आणि पॅलेडियमसाठी लंडनमध्ये प्रियस आणि होंडा जॅझ या गाड्यांखालचे कन्व्हर्टर रात्रीतून कापून नेण्याची लाटच आली होती. रस्त्यावर गाडी उभी करणाऱ्याने तेवढ्यासाठी कुलूप-पट्टी बसवून घ्यावी.

मग गाडी निवडायची कशी? वर्ष, किंमत आणि रंग हे तीन प्रश्न बाजूला ठेवून आधी लॉगबुक मागावं. लॉगबुक म्हणजे ब्रिटनचं आरसी बुक, व्ही५सी नावाचा लालसर कागद. त्यावर धुराच्या रकान्यांत ‘व्ही.३’ असा एक रकाना असतो, त्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा आकडा. तो ०.०८ किंवा कमी असेल तर पेट्रोल गाडी यूलेझला चालते, मग ती २००६च्या आधीची का असेना. २००१ ते २००५मधल्या बऱ्याच गाड्या युरो ४ सक्तीचं होण्याआधीच त्या मापात बसल्या होत्या, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसल्यामुळे त्या स्वस्त पडतात. पैसे देण्याआधी ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर नंबर घालून खात्री मात्र करावीच. नंतर एमओटीचा इतिहास पाहावा. नुसता नंबर घातला की सरकारी संकेतस्थळावर २००५नंतरच्या सगळ्या तपासण्या फुकट दिसतात, प्रत्येक वेळचा मैलांचा आकडाही. तो एका वर्षी कमी झालेला दिसला तर तिथूनच परत फिरावं. नापास होण्याला घाबरू नये. बल्ब गेला, टायर झिजला म्हणून गाडी नापास होते आणि दुसऱ्या दिवशी पास होते. वाचायचं ते ‘अ‍ॅडव्हायजरी’ म्हणून लिहिलेल्या ओळींत असतं. ब्रेकच्या नळ्यांना किंवा खालच्या पत्र्याला गंज, अशी नोंद लागोपाठ तीन वर्षं असेल आणि कुणी हात लावला नसेल तर त्या मालकाने इंजिनाचं तेलही वेळेवर बदललेलं नसणार असं खुशाल समजावं. थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात त्या देशात जुनी गाडी इंजिनामुळे क्वचितच मरते, गंजून जाते.

इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे विचारावं. बेल्ट असेल तर तो कधी बदलला त्याची पावती हवी, कारण तो तुटला की बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि दोन हजारांची गाडी भंगारात जाते. पहिल्या पिढीची होंडा जॅझ आणि टोयोटा यारिस यांत चेन आहे, म्हणून त्यांना मागणी. मात्र जुन्या जॅझचा ऑटोमॅटिक गिअर निघताना थरथरतो का, ते चालवून पाहावं. आणखी एक बारकावा फारसा कुणी सांगत नाही. २०१०च्या पुढेमागे आलेल्या अनेक ‘सुधारित’ पेट्रोल इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यांचं अ‍ॅव्हरेज बरं, पण ती बारीक काजळीचे कण जास्त सोडतात, आणि त्यांना फिल्टर लागले ते २०१८च्या सुमारास. त्याआधीची साधी, इंजिनाच्या तोंडाशी पेट्रोल फवारणारी इंजिनं या बाबतीत स्वच्छ आहेत. इथे तर जुनं ते अक्षरशः सोनं. मराठी वाचकाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट: लंडनच्या जुन्या बाजारात भरपूर मिळणारी २००८ ते २०१३मधली ह्युंदाई आय-१० चेन्नईजवळ बनलेली आहे, आणि २००९नंतरची सुझुकी आल्टो म्हणजे मानेसरहून निर्यात झालेली आपली ए-स्टार. दोन्ही छोटी पेट्रोल इंजिनं, टॅक्स किरकोळ, सुटे भाग स्वस्त.

टॅक्सवरून एक सापळा. १ मार्च २००१ ते ३१ मार्च २०१७ या काळात नोंदलेल्या गाड्यांचा रोड टॅक्स कार्बन डायॉक्साइडवर ठरतो. किलोमीटरला २२५ ग्रॅमच्या वर जाणारी मोठी पेट्रोल गाडी २३ मार्च २००६च्या आधी नोंदलेली असेल तर तिचा टॅक्स वर्षाला चारशे पौंडांच्या आसपास राहतो. तीच गाडी महिनाभर उशिरा नोंदलेली असेल तर सातशेच्या वर जातो. डिझेल एसयूव्ही विकून तेवढीच मोठी पेट्रोल एसयूव्ही स्वस्तात मिळाली म्हणून खूश होणारे इथे अडकतात. ती स्वस्त मिळते ती याच कारणाने. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलही आता ब्रिटनमध्ये नेहमीचं झालं आहे, सप्टेंबर २०२१पासून. २०११नंतरच्या सर्व गाड्यांना ते चालतं, त्याआधीच्या बहुतेकींना चालतं, काहींना नाही. तेही सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. न चालणारी असेल तर महागडं पाच टक्क्यांचं पेट्रोल भरावं लागेल.

पैशांचं गणित सोपं आहे आणि ते प्रत्येकाने स्वतःचं करावं. आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे डिझेल बाहेर काढली तर यूलेझचे ३,१२५ पौंड होतात. एवढ्यात वरच्या वर्णनाची पेट्रोल गाडी येते आणि डिझेल विकल्याचे पैसे हातात राहतात. पेट्रोल जास्त लागेल, आठ हजार किलोमीटरला साधारण शंभर पौंडांचं. तेवढं यूलेझच्या आठ-नऊ दिवसांत वसूल. पण गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर वर्षाचे ६५० पौंडच होतात, आणि महिन्यातून दोनदा निघत असेल तर तीनशे. अशा माणसाने गाडी बदलायची घाई करू नये. अनोळखी जुन्या गाडीची पहिल्या वर्षीची दुरुस्तीच तेवढी होते. त्याने साडेबारा पौंड भरावेत, किंवा गाडी ठेवायचीच कशाला हा प्रश्न स्वतःला विचारावा. महापौर कार्यालयाच्या अहवालानुसार यूलेझ नसता तर जी पातळी राहिली असती तिच्यापेक्षा रस्त्यालगतचा नायट्रोजन डायॉक्साइड लंडनभर २७ टक्क्यांनी कमी आहे. ही घट आणणाऱ्यांत नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांचे मालक आहेत, तसे दीड-दोन हजारांत जुनी पेट्रोल गाडी घेणारेही आहेत. दुसऱ्यांचं कौतुक कुठल्याच जाहिरातीत होत नाही.

विकलेली डिझेल जाते कुठे, हा प्रश्न उरतो. ती झोन नसलेल्या गावी जाते आणि तिथे धूर सोडते. खरं आहे. पण मोकळ्या हायवेवर पळणारी डिझेल आणि दाट वस्तीतल्या सिग्नलला धापा टाकणारी डिझेल यांत फरक आहे. धूर किती निघाला याबरोबरच तो किती माणसांच्या नाकातोंडात गेला हेही मोजायला हवं.

हा सगळा हिशेब महाराष्ट्रातल्या वाचकाला लांबचा वाटायचं कारण नाही, कारण आपली भारत स्टेज मानकं युरोपच्याच मापांवरून कातरलेली आहेत. बीएस-४ पेट्रोलची मर्यादा ०.०८, बीएस-४ डिझेलची ०.२५, बीएस-६ डिझेलची पुन्हा ०.०८. मुंबई, पुणे आणि सोलापूर इथे बीएस-४ २०१०मध्येच आलं, देशभर एप्रिल २०१७मध्ये, आणि बीएस-६ एप्रिल २०२०मध्ये. दिल्लीने मात्र वेगळी वाट धरली. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या शिक्कामोर्तबाने तिथे दहा वर्षांपुढची डिझेल आणि पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी रस्त्यावरून काढायची ठरलं. वयावर बेतलेला नियम अंमलात आणायला सोपा, पण उत्तम राखलेली गाडी आणि खटारा यांना एकाच काठीने हाकणारा. २०२५च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना निव्वळ वयावरून कारवाईतून संरक्षण दिलं, म्हणजे दिल्लीचा नियमही वयाकडून दर्जाकडे सरकला. तरी त्याने रेघ दोन्ही इंधनांना एकाच मानकावर ओढली. बीएस-४ डिझेल आणि बीएस-४ पेट्रोल एकाच रांगेत बसवणं हे लंडनच्या मापाने पाहिलं तर तिपटीच्या फरकाकडे डोळेझाक करणं आहे.

दिल्लीत नको झालेल्या डिझेल एसयूव्ही एनओसी घेऊन इतर राज्यांतल्या बाजारात येतात आणि किमतीमुळे मोह घालतात. पुण्या-ठाण्यात रोज दहा-पंधरा किलोमीटर चालवायला अशी गाडी घेण्याचा विचार असेल तर तो सोडा. त्याच पैशांत, किंवा त्याहून कमीत, स्थानिक पासिंगची, एकाच मालकाची, सर्व्हिसची पावती असलेली बीएस-४ छोटी पेट्रोल गाडी शोधा. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिला चालेल का हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, एखाद्या भरवशाच्या फिटरकडून कन्व्हर्टर जागेवर आहे ना ते गाडी वर उचलून बघून घ्या, आणि मगच टोकन द्या.